दोर धरणारा हात

प्रस्तरारोहण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही सह्याद्रीचे कडेच उभे राहतात: लिंगाण्याचा सुळका, खंडाळ्याजवळची नागफणी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. परंतु हा खेळ आता छपराखालीही आला आहे. १९६४ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने एका बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवून विद्यार्थ्यांच्या सरावाची सोय केली. अशा साध्या प्रयोगांतून कृत्रिम भिंतींची परंपरा जगभर पसरली. २०२१ साली टोकियोत भरलेल्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथमच स्थान मिळाले आणि त्याची प्रतिष्ठा वाढली. आज आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही अशा भिंती आहेत. डोंगर कधी जवळून न पाहिलेली मुले आणि दिवसभर टेबलाशी बसणारे कर्मचारी त्यांवर चढू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच होय. मात्र पालकांच्या मनात येणारा प्रश्नही तितकाच रास्त आहे: हे सुरक्षित आहे काय?

आकडे दिलासा देणारे आहेत. जर्मनीतील कृत्रिम भिंतीवर पाच वर्षांत झालेल्या ५,१५,३३७ भेटींची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. इतक्या भेटींत नोंद झालेल्या इजा अवघ्या ३० होत्या. मृत्यू एकही नव्हता. परंतु यावरून भिंत निरुपद्रवी असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दहा मीटर उंचीवरून सुटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर आदळतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. मग तो कड्यावरून सुटलेला असो वा सभागृहातील भिंतीवरून. हे आकडे लहान राहतात, कारण तेथील बहुसंख्य माणसे काही साध्या गोष्टी प्रत्येक वेळी, न कंटाळता करतात. ज्या दिवशी त्या केल्या जात नाहीत, त्या दिवशी छप्पर कोणालाही वाचवीत नाही.

या खेळाची यंत्रणा समजण्यास अवघड नाही. चढणारा कमरेला व मांड्यांना हार्नेस आवळतो आणि त्यात दोराचे टोक गुंफून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी दुपदरी गाठ मारतो. तो दोर वर जाऊन भिंतीच्या माथ्यावरील आधारातून खाली येतो आणि जमिनीवर उभ्या असलेल्या सोबत्याच्या हाती असतो. सोबत्याच्या या कामाला ‘बिले देणे’ म्हणतात. त्याच्या हार्नेसला अडकवलेल्या लहानशा साधनातून दोर वळवून घेतलेला असतो. त्या घर्षणामुळेच एका हाताच्या पकडीने पूर्ण वाढीच्या माणसाचे वजन तोलता येते. म्हणजे चढणाऱ्याचा जीव दोन ठिकाणी बांधलेला असतो: एक त्याच्या स्वतःच्या गाठीत, दुसरा सोबत्याच्या मुठीत. दोर, पट्टे आणि कड्या सहसा दगा देत नाहीत. दगा देते ते माणसाचे अवधान.

याचे सर्वांत बोलके उदाहरण लिन हिल या अमेरिकन प्रस्तरारोहिकेचे आहे. जगातील अव्वल आरोहकांत तिची गणना होत होती. मे १९८९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ब्यू येथील कड्यावर ती अंग मोकळे करण्यासाठी, तिच्या मानाने सोपीच असलेली चढाई करावयास निघाली. दोर तिने हार्नेसमध्ये ओवला. परंतु बोलण्यात आणि बूट चढवण्यात लक्ष वळले आणि गाठ अर्धवट राहिली. अंगातील जाकिटाखाली ती कोणाच्या नजरेसही आली नाही. माथ्यावर पोहोचून खाली उतरण्यासाठी तिने दोरावर भार टाकला, आणि दोर निसटला. सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून ती कोसळली. वाटेतल्या झाडाच्या फांद्यांनी वेग कमी केला म्हणून बचावली. पुढे १९९३ साली याच स्त्रीने योसेमिटीतील एल कॅपिटनचा ‘नोज’ हा मार्ग, साधनांवर भार न टाकता, जगात प्रथमच सर केला. अर्थात तिच्या कौशल्याबद्दल शंका घेण्यास जागाच नाही. हजारो वेळा मारलेली गाठ केवळ मध्येच खंड पडल्यामुळे राहून गेली, एवढेच.

नवखा माणूस घाबरलेला असतो आणि म्हणून तो दहादा तपासतो. सरावलेल्याचे हात आपोआप चालतात आणि मन दुसरीकडे असते. स्वयंचलित बिलेच्या यंत्रावर झालेल्या अनेक अपघातांचे मूळही याच विसराळूपणात आहे. माथ्यावर बसवलेले हे यंत्र दोराऐवजी पट्टा गुंडाळत राहते आणि पडणाऱ्याला हळुवार खाली आणते. पण त्या पट्ट्याची कडी हार्नेसला अडकवलीच नाही, तर यंत्र बिचारे काय करणार? तेथे सोबती नसतो. म्हणून विचारणाराही कोणी नसतो.

दोर सांभाळणाऱ्याची जबाबदारी तर दुहेरी आहे, कारण त्याच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो. साधनाच्या खालच्या बाजूचा दोर धरणारा हात क्षणभरही सुटता कामा नये, हा या कामातील पहिला आणि शेवटचा नियम होय. दोर आपोआप अडकवून धरण्यास मदत करणारी आधुनिक साधने १९९१ पासून बाजारात आहेत. पण दोर उलटा ओवला गेला तर तीही निरुपयोगी ठरतात. नजर चढणाऱ्यावर हवी. शेजाऱ्याशी गप्पा आणि खिशातील मोबाइल यांना तेथे स्थान नाही. पहिल्या काही मीटरांत दोर विशेष ताठ ठेवावा लागतो, कारण तो ताणला जातो आणि तेवढ्या ताणानेही पाय जमिनीला लागू शकतात. ऐंशी किलोच्या शिक्षकाला पंचेचाळीस किलोचा विद्यार्थी बिले देत असेल, तर शिक्षक पडताच विद्यार्थी वर उचलला जातो. अशा वेळी त्याला जमिनीशी बांधावे, अथवा जोडीच बदलावी. ‘दोर घे’, ‘सैल सोड’, ‘खाली घे’ हे शब्द आधी ठरवून घ्यावेत आणि गोंगाटात ते सोबत्याचे नाव घेऊन उच्चारावेत.

आणि चढण्यापूर्वी, दर वेळी, परस्परांची तपासणी व्हावी. हार्नेसचा पट्टा नितंबास्थींच्या वर घट्ट आहे काय? गाठ पूर्ण आहे काय, आणि हार्नेसच्या दोन्ही ठरलेल्या फासांतून गेली आहे काय? साधनात दोर योग्य दिशेने ओवला आहे काय? कॅराबिनरचा स्क्रू आवळला आहे काय? हे डोळ्यांनी पाहावे आणि हातांनी ओढून पाहावे. सारे मिळून अर्धे मिनिट लागते.

आपल्याकडे खरी अडचण या अर्ध्या मिनिटाची नाही; ती संकोचाची आहे. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाला ‘सर, आपली गाठ पाहू का?’ असे विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते, आणि पुष्कळ ज्येष्ठांनाही तसे विचारले गेल्यास अपमान वाटतो. पण रोखपालाच्या हिशेबावर दुसऱ्याची सही घेतली जाते, ती रोखपाल अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. गुणांची बेरीज दुसऱ्या परीक्षकाकडून तपासली जाते, ती पहिल्याला गणित येत नाही म्हणून नव्हे. माणूस चुकतो हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभारलेली असते. कचेरीत तिच्यामुळे पैसे वाचतात, शाळेत विद्यार्थ्याचे वर्ष वाचते. भिंतीखाली जीव वाचतो. म्हणून ज्येष्ठांनीच पुढाकार घ्यावा आणि ‘माझी गाठ पाहा’ असे आपणहून म्हणावे. प्रशिक्षकाने असे दर वेळी म्हटले, की विद्यार्थ्याच्या जिभेवरचा संकोच गळून पडेल.

संस्थाचालकांचे कर्तव्यही उघड आहे. बिलेची परीक्षा घेतल्याखेरीज कोणाच्याही हाती दोर देऊ नये, झिजलेले दोर व पट्टे वेळीच बाद करावेत, आणि स्वयंचलित यंत्राच्या पायथ्याशी असा आडपडदा लावावा, की तो बाजूला केल्याविना चढताच येऊ नये. जेथे दोराविना गाद्यांवर चढाई चालते, तेथेही घोटे आणि मनगटे दुखावतात हे मुलांना आधीच सांगावे, आणि चढणाऱ्याच्या खालून कोणी जाऊ नये याकडे लक्ष ठेवावे. सहलीला मुले नेणाऱ्या शाळांनी हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत.

मुलांनी भिंतीवर जरूर चढावे. तेथे त्यांची बोटे आणि दंड बळकट होतील, उंचीची भीती जाईल. परंतु त्याहून मोलाची गोष्ट ती खाली उभे राहून शिकतील: दुसऱ्याचा भार आपल्या हाती असताना लक्ष ढळू न देणे, आणि कोणी आपले काम तपासले तर राग न मानणे. नागरिक म्हणूनही या दोन सवयी आपल्याला पुष्कळ उपयोगी पडण्यासारख्या आहेत.