ताळा जुळतो, आकडा चुकतो

‘००००४००११०, ०१, २०२४, -१२,५०,०००.’

मोठ्या कंपनीच्या हिशेबाच्या संगणकातून बाहेर पडणारी ओळ साधारण अशी दिसते. रोजची खतावणी एसएपीसारख्या प्रणालीत होते आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मात्र ओरॅकलच्या हायपेरियनसारख्या वेगळ्याच नियोजन सॉफ्टवेअरमध्ये तयार होतं. आजवर काय घडलं हे हाताशी असल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून ही ओळ इकडून तिकडे न्यावी लागते. नेणं सोपं. ती उतरवायची कुठे, हा खरा प्रश्न. कारण तिकडे ४००११० नावाचं काहीच नसतं, तिकडे असते ‘देशांतर्गत विक्री’. या दोन नावांची सांगड घालणारा तक्ता म्हणजे मॅपिंग.

वरची ओळ जरा उलगडून पाहू. एसएपीत खाते क्रमांकाला दहा जागा असतात, आकडे कमी पडले की पुढे शून्यं भरली जातात. ती फाइल कुणी मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शून्यं गळून पडतात आणि तक्त्याला ते खातं ओळखू येईनासं होतं. शेवटच्या आकड्यातलं वजा चिन्ह म्हणजे तोटा नव्हे. इथे जमेची बाजू वजा चिन्हाने दाखवतात आणि विक्री जमेला पडते. नियोजनात तीच विक्री अधिक चिन्हाने हवी असते, तेव्हा उत्पन्नाच्या खात्यांचं चिन्ह उलटवायचं आणि खर्चाच्या खात्यांना हात लावायचा नाही.

मधले दोन आकडे त्याहून फसवे. आपल्याकडच्या एप्रिल ते मार्च वर्षासाठी एसएपीत जो तयार साचा आहे, त्यात ०१ म्हणजे एप्रिल. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षाला हा साचा ‘२०२४’ म्हणतो. शेअर बाजारात आणि वर्तमानपत्रांत त्याच वर्षाला ‘एफवाय २५’ म्हणतात. तक्त्यात ही एक ओळ चुकली की सगळं वर्षच्या वर्ष सरकतं. शिवाय या साच्यात बारा महिन्यांनंतर १३ ते १६ असे आणखी चार कालखंड असतात. मार्च संपल्यावर लेखापरीक्षक ज्या दुरुस्त्या सुचवतात, त्या तिथे नोंदवतात. नियोजनाच्या कॅलेंडरला महिने बाराच. तेरावा मार्चमध्ये मिसळायचा हे कुणीतरी ठरवून तक्त्यात लिहावं लागतं, नाहीतर ऑडिटनंतरचा नफा नियोजनात पोहोचतच नाही.

अशा चुका निदान लवकर उघड होतात. नाव सापडलं नाही तर सॉफ्टवेअर अडून बसतं आणि ओळी परत पाठवतं. माझ्या मते धोका आहे तो मॅपिंग निमूटपणे यशस्वी होतं तिथे. हजारो खात्यांची एकास एक जोडी कोण लिहीत बसणार? म्हणून पट्ट्याचे नियम लिहितात: ४००१०० ते ४००१९९ सगळं ‘देशांतर्गत विक्री’. उरल्यासुरल्यासाठी तारांकनाचा नियम असतो: जे कुठेच बसलं नाही ते ‘इतर खर्च’. ओरॅकलच्या साधनात आधी नेमक्या जोडीचा नियम लागतो, मग पट्ट्याचा आणि तारांकनाचा सर्वांत शेवटी. एकाच प्रकारच्या दोन नियमांत तंटा झाला तर नियमांच्या नावांचा वर्णानुक्रम पाहिला जातो. त्या क्रमात ‘१०’ हे ‘९’च्या आधी येतं! म्हणून जाणती माणसं नियमाला ‘०९’ असं नाव देतात.

आता समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याने जुलैमध्ये ४००१९० हे नवं खातं उघडलं, भंगारविक्रीसाठी. पट्ट्याच्या नियमाने ते आपोआप ‘देशांतर्गत विक्री’त जाऊन बसलं. ना सूचना, ना लाल अक्षरं. महिनाअखेरीला ताळा पाहिला: खतावणीतली एकूण बेरीज आणि नियोजनातली एकूण बेरीज पैशापर्यंत सारखी. जुळणारच, कारण रक्कम कुठल्या कप्प्यात पडली याच्याशी एकूण बेरजेला देणंघेणं नसतं. नियोजन विभाग मात्र विक्रीला नगांच्या संख्येने भागून सरासरी दर काढतो आणि त्यावर पुढचं वर्ष आखतो. भंगाराचे पैसे त्यात मिसळल्याने दर फुगतो. यंत्रावर माल जितका जास्त बिघडेल, तितका दर चांगला दिसेल!

यावरचा उपाय हिशेबनिसांना जुनाच ठाऊक आहे. ज्याचा ठाव लागत नाही ते उचंत खात्यात टाकायचं. तारांकनाचा नियम ‘इतर खर्च’कडे न नेता उचंत खात्याकडे न्यावा आणि त्या खात्यात रुपया दिसला की कुणीतरी फोन उचलावा. पट्ट्याच्या नियमाला मात्र हा उपाय पुरत नाही. तिथे महिन्यागणिक नव्याने उघडलेल्या खात्यांची यादी डोळ्यांखालून घालणं याला पर्याय नाही. नावांच्या साधर्म्यावरून जोड्या सुचवणारी यंत्रंही आली आहेत. ‘भाडे मिळाले’ आणि ‘भाडे दिले’ या नावांत साधर्म्य भरपूर असतं, एवढं लक्षात ठेवून ती वापरावीत.

मग सगळ्यांनी एकच लेबलं का वापरू नयेत? तोही प्रयत्न झाला. चार्ल्स हॉफमन या अमेरिकी लेखापालाच्या १९९८ मधल्या कामातून एक्सबीआरएल ही आर्थिक अहवालांची सामाईक भाषा उभी राहिली. भारतात २०१०-११ या वर्षापासून कंपनी व्यवहार मंत्रालयाने ठरावीक कंपन्यांना ती सक्तीची केली. अमेरिकेत कंपन्यांना स्वतःची लेबलं जोडता येतात, आपल्या मंत्रालयाच्या सूचीत ती मुभा नाही. अहवालांची तुलना त्यामुळे सोपी होते खरी, पण कंपनीच्या आतली खाती आतल्या नावांनीच राहतात. सांगड घालणं चुकत नाही, फक्त दारापर्यंत सरकतं.

आणि तक्ता एकदा नीट लिहिला म्हणून कायमचा नीट राहत नाही. १ एप्रिल २०१९ पासून भारतात भाडेपट्ट्यांसाठी ‘इंड एएस ११६’ हे मानक लागू झालं. ज्या कंपन्या ते पाळतात, त्यांच्या दुकानांचं किंवा गोदामांचं दीर्घ मुदतीचं भाडं त्या दिवसापासून ‘भाडे’ या नावाखाली दिसेनासं झालं आणि घसारा व व्याज अशा दोन ठिकाणी विभागलं गेलं. नियोजनात २०१८-१९ चे आकडे जुन्या मॅपिंगने बसलेले, २०१९-२० चे नव्या. दोन्ही वर्षं शेजारी ठेवली की भाडं कोसळलेलं दिसतं आणि व्याज-घसाऱ्याआधीचा नफा उसळलेला. घरमालकाला जाणारा धनादेश मात्र तेवढ्याच रकमेचा असतो.