बाटली तीच, साबण नवा

स्वच्छतेचे महत्त्व आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. पाच वेळची वुजू, नमाजची जागा पाक ठेवणे, जेवणाआधी हात धुणे या सवयी लहानपणीच अंगवळणी पडतात. पण घर स्वच्छ ठेवताना आपण घराबाहेर किती कचरा टाकतो, याचा हिशेब सहसा होत नाही.

तो हिशेब एकदा करून पाहू. भांड्यांचे लिक्विड, फरशीचे फिनेल, हँडवॉश आणि संडास साफ करण्याचे लिक्विड, अशी प्रत्येकी एक बाटली महिन्याला संपते असे धरले, तर एका घरातून वर्षाला 48 बाटल्या बाहेर पडतात. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीतून 960. कपड्यांच्या पावडरीच्या पुड्या आणि शाम्पूचे पाऊच यात धरलेलेच नाहीत.

जाड बाटलीच्या तळाशी त्रिकोणात 2 हा आकडा असेल, तर भंगारवाला ती सहसा घेतो. पाऊचचे मात्र तसे नसते. त्यात वेगवेगळ्या पदार्थांचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे अवघड, म्हणून त्याला भाव नाही. मग तो उकिरड्यावर किंवा गटारात जातो. तुंबलेले गटार काय करते, ते मुंबईने 26 जुलै 2005 रोजी पाहिले. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढे कोणतेही गटार अपुरेच ठरले असते, पण नाल्यांत अडकलेल्या प्लास्टिकने पाण्याची उरलीसुरली वाटही अडवली. पाणी आधी शिरले ते सखल वस्त्यांत, तळमजल्यावरच्या घरांत.

मार्च 2018 मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. 1 जुलै 2022 पासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, थाळ्या अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. साबणाच्या आणि फिनेलच्या बाटल्या या बंदीत नाहीत. म्हणजे हे काम आपल्या घरातूनच सुरू व्हायला हवे.

यात नवे काही नाही. घासलेटसाठी घरातली बाटली आणि गोड्या तेलासाठी किटली घेऊन दुकानात जाणे ही फार जुनी गोष्ट नव्हे. भांडी राखेने आणि नारळाच्या काथ्याने निघत, केस शिकेकाईने. भांडे आपले, माल दुकानदाराचा, अशी ती रीत होती. तीच आता तीन प्रकारे परत आणता येते.

पहिला प्रकार मोठ्या कॅनचा. भांड्यांचे लिक्विड आणि फिनेल पाच लिटरच्या कॅनमध्येही मिळते. एका कॅनमधून अर्ध्या लिटरची बाटली दहा वेळा भरते आणि लिटरमागे दर बहुधा कमी पडतो. एका घराला कॅन जड वाटला, तर दोन-तीन शेजारणींनी मिळून घ्यावा आणि वाटून घ्यावा. रिकामा कॅन भंगारात चालतो. काही दुकानदार तो भरूनही देतात, विचारून पाहावे.

दुसरा प्रकार दाट अर्काचा. तयार क्लीनरमध्ये बहुतांश पाणीच असते. ते पाणी बाटलीतून विकत आणण्यापेक्षा दाट फिनेल आणून घरी पाणी घालावे. प्रमाण मात्र डब्यावर लिहिलेलेच घ्यावे. जास्त ओतल्याने फरशी जास्त स्वच्छ होत नाही, उलट चिकट राहते.

तिसरा प्रकार बाटलीच नको असलेल्या वस्तूंचा. हात धुवायला साबणाची वडी आणि भांड्यांना भांड्यांची वडी पुरेशी आहे. ओट्यामागच्या टाइल्सवरचे तेलकट थर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून निघतात. हातमोजे घालावेत आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नये. नळावरचे क्षाराचे पांढरे डाग लिंबूसत्वाच्या पाण्याने जातात. पण शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवर यांवर कोणतेही आंबट पाणी टाकू नये. हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, त्यांची चमक कायमची जाते. सोडा आणि सिरका एकत्र करण्याचा उपाय बराच सांगितला जातो. फेस भरपूर येतो, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात. वेगवेगळे वापरलेलेच बरे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाटली पुन्हा भरण्यात बचत आहे, तसा धोकाही आहे. सुटे फिनेल किंवा अॅसिड शीतपेयाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेले मूल रंग आणि वास पाहत नाही, बाटली ओळखते आणि तोंडाला लावते. ज्या वस्तूची बाटली, तिच्यातच ती वस्तू भरावी. त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. ब्लीच आणि अॅसिड तर एका बादलीत, एका बाटलीत किंवा एका वेळी संडासातही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. कुणी चुकून असे काही प्यायले, तर उलटी काढण्याचा प्रयत्न न करता बाटलीसकट थेट इस्पितळ गाठावे.

हँडवॉशची बाटली अर्धी असतानाच वरून भरत राहू नये. तळाच्या जुन्या साबणात जंतू वाढू शकतात. पूर्ण संपू द्यावी, आतून आणि पंपातून स्वच्छ पाणी काढावे, वाळवावी आणि मगच भरावी.

हाच विचार मोहल्ल्यातही नेता येईल. मस्जिदीच्या वुजूखान्यात, मदरशात, जमातखान्यात साबण आणि फिनेल सतत लागते. तिथे छोट्या बाटल्यांऐवजी मोठे कॅन आणि पुन्हा भरायचे डबे ठेवले, तर चंद्याचा पैसाही वाचेल. रमजानपूर्वी आणि ईदच्या आधी होणाऱ्या मोठ्या साफसफाईपासून याची सुरुवात करायला हरकत नाही.

प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे साधारण ओंजळभर पाण्यात वुजू करीत, हे हदीसमधून आपण ऐकले आहे. पाकीही पूर्ण आणि इस्राफही नाही. जो नियम पाण्याला, तोच बाटलीला लावायचा आहे. सगळे एकदम बदलायची गरज नाही. या महिन्यात जी बाटली सर्वांत आधी संपेल, ती फेकू नये. धुऊन, वाळवून, नाव लिहून ठेवावी आणि वाण्याकडे जाताना पिशवीत घालावी. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात दुसरी.