सिंहलद्वीपी काय पाहावे ?

आंबिया बहराची संत्री उतरून मालाच्या गाड्या बाजाराला लागल्या आणि नाताळचा सण पार पडला, की पांढुर्णा व सौंसरकडील शेतकरी कुटुंबांना थोडी उसंत मिळते. हाती चार पैसे असले तर कोणी गोव्यास जातो, कोणी वेलांकण्णीची यात्रा करतो. वेलांकण्णीच्या वाळवंटात उभे राहून समोरच्या अथांग पाण्याकडे पाहताना आपल्यापैकी कितीजणांच्या मनात पलीकडच्या बेटाचा विचार येत असेल ? वास्तविक तेथून दहाबारा किलोमीटरांवर असलेल्या नागपट्टणम् बंदरातूनच श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, कांकेसंतुरै येथे, प्रवासी बोट जाते. ही सेवा २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, मध्यंतरी खंडित झाली आणि २०२४ च्या ऑगस्टपासून पुन्हा चालू झाली. ईशान्येकडील वाऱ्याच्या वादळी दिवसांत ती बंद ठेवतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी. नाहीतर नागपूरमार्गे चेन्नईस जाऊन विमानाने कोलंबो गाठता येते.

एके काळी हा प्रवास याहून सोपा होता. मद्रासहून निघालेली आगगाडी धनुष्कोडीपर्यंत जाई आणि तेथून आगबोट तलैमन्नारला पोहोचवी. मधली खाडी अवघी तीस किलोमीटरांची. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव व तेथील लोहमार्ग पार धुऊन नेला आणि ती वाट मिटली.

श्रीलंकेचा विस्तार ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या सुमारे दोनतृतीयांश. लोकसंख्या दोन कोटींच्या थोडी वर. एवढ्याशा बेटात समुद्रकिनारे, जंगले, प्राचीन नगरे व ढगांत बुडालेले पर्वत आहेत. आठवड्याभरात सर्व काही पाहून टाकू असे म्हणणारा प्रवासी बहुधा मोटारीची खिडकीच पाहून परततो. आमच्या वाचकांना आम्ही एक निराळी वाट सुचवितो. आपण मातीचे व पाण्याचे मोल जाणणारे लोक. जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत उन्हाळ्यात विहीर आटली म्हणजे संत्र्याच्या बागेचे काय होते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तेव्हा श्रीलंका पाहावी ती पाण्याच्या मागाने आणि ते पाणी व ती माती राबविणाऱ्या हातांच्या ओळखीने.

प्रथम उत्तरेकडील कोरड्या मुलखात जावे. अनुराधपूर ही हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी होती. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला अश्वत्थ तेथे आजही जपलेला आहे. विटांनी बांधलेले डोंगराएवढे स्तूप पाहून मान दुखू लागते. परंतु शेतकऱ्याने तेथेच थांबू नये. जवळच्या तळ्याच्या बांधावर जाऊन उभे राहावे. सिंहली भाषेत तळ्याला 'वॅव' म्हणतात. संस्कृतातील 'वापी' चेच हे रूप, म्हणजे आपल्या बावडीचे नातलग. या मुलखात पाऊस मुख्यत्वे ऑक्टोबर ते जानेवारी पडतो व मग दीर्घ ओढ असते. म्हणून तेथील पूर्वजांनी एकाखाली एक अशी तळ्यांची माळच ओवली. वरच्या तळ्याचे पाणी शेताला मिळते, शेतातून झिरपलेले पाणी खालच्या तळ्यात उतरते आणि पुन्हा कामास येते. मोठ्या तळ्यांच्या बांधात 'बिसोकोटुव' नावाची चौकोनी विहीर बांधलेली असे. तीमुळे पाण्याचा जोर मोडून ते बांध न फोडता बाहेर पडे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१७ साली या तळे-गाव पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. पोलोन्नरुव येथील 'पराक्रम समुद्र' हा बाराव्या शतकातील राजा पराक्रमबाहू याचा जलाशय सुमारे साडेपाच हजार एकरांवर पसरला आहे व त्याच्या पाण्यावर आजही भात पिकतो. तलवारीने मिळविलेली राज्ये गेली. कुदळीने बांधलेला बांध मात्र टिकला.

याच भागात सिगिरिय नावाचा प्रचंड खडक आहे. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर महाल बांधला. कडेकपारीत रंगविलेली स्त्रियांची चित्रे प्रसिद्ध आहेत. पण पायथ्याशी असलेल्या बागेतील कारंजी पावसाळ्यात अजूनही उडतात, हे आम्हांस अधिक नवलाचे वाटते. चढण बरीच आहे. वृद्धांनी पहाटे निघावे. जवळच दंबुल्ल येथील पाच लेण्यांत बुद्धमूर्ती व भित्तिचित्रे आहेत. अजिंठा पाहिलेल्यांना तेथे ओळखीचे काही भेटेल.

अनुराधपुराच्या वायव्येस, मन्नारच्या वाटेवर, रानात मधू येथील पवित्र मरियेचे तीर्थस्थान लागते. डच सत्तेच्या छळास कंटाळून १६७० च्या सुमारास काही भाविक कुटुंबे आपली मूर्ती उराशी धरून रानात आली, अशी त्याची कथा आहे. १५ ऑगस्टच्या सणाला तमिळ व सिंहली भाविक तेथे एकत्र गुडघे टेकतात; हिंदू व बौद्ध बांधवही येतात. १९८३ ते २००९ या काळात चाललेल्या यादवी युद्धात हजारो निर्वासितांनी याच मंदिराच्या आवारात आश्रय घेतला होता. ज्या देशात दोन भाषांच्या लोकांनी एकमेकांवर शस्त्र धरले, तेथे दोन्ही भाषांतील प्रार्थना एका छताखाली ऐकू येणे ही पाहण्यासारखीच गोष्ट होय.

तेथून दक्षिणेस, डोंगरांच्या कुशीत, कॅंडी शहर आहे. बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर, त्यापुढील सरोवर आणि जुलै-ऑगस्टात निघणारी हत्तींची मिरवणूक यांसाठी ते विख्यात आहे. जवळच पेरादेणिय येथील वनस्पती-उद्यानात मसाल्याची झाडे पाहावीत; वेलची, लवंग व दालचिनी झाडावर कशा दिसतात हे मुलांना दाखवावे.

या शहराशी आपल्या पश्चिम किनाऱ्याचे फार जुने नाते आहे. गोव्यातील बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ हे १६८७ साली मजुराच्या वेशात या बेटावर उतरले. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलेली होती. १६९२ साली ते कॅंडीस आले, तेव्हा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. पुढे अवर्षण पडले असता त्यांनी केलेल्या प्रार्थनेनंतर पाऊस आला, अशी परंपरा सांगते. १६९७ साली देवीची साथ आली, घरची माणसे रोग्यांना टाकून पळू लागली, तेव्हा हा परदेशी मनुष्य रोग्यांच्या जखमा धुऊन त्यांना पेज पाजीत राहिला. सिंहली व तमिळ या दोन्ही भाषा त्यांनी आत्मसात केल्या. १६ जानेवारी १७११ रोजी कॅंडीतच त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. परक्या देशात कसे जावे याचा धडा याहून मोठा कोणता असणार ?

कॅंडीहून नुवर एलिय व बदुल्लकडे जाणारी आगगाडी चहाच्या मळ्यांतून वर चढते. पट्टिपोल हे स्थानक १,८९८ मीटर उंचीवर आहे, आणि १९२१ मधील दगडविटांचा नऊ कमानींचा पूल तर चित्रांतून सर्वत्र पोहोचला आहे. नोव्हेंबर २०२५ च्या चक्रीवादळात या डोंगरांत भीषण दरडी कोसळल्या व लोहमार्गाचीही हानी झाली. म्हणून गाडी कोठवर जाते हे विचारूनच बेत आखावा.

हिरव्या गालिच्यासारखे ते मळे डोळे निववितात खरे. परंतु त्यांतून वाकून चालणाऱ्या बाईकडेही पाहावे. दोन पाने व एक कळी एवढेच खुडावयाचे आणि दिवसाकाठी अठरावीस किलो भरावयाचे, असे तिचे काम. पूर्वी तेथे कॉफीचे मळे होते. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८६७ साली चहाची लागवड केली. पुढे तांबेऱ्याने कॉफी बुडविली व चहाने तिची जागा घेतली. मजूर आणले ते बहुतेक तमिळ मुलखातून, रानावनांतून पायी चालवीत. १९४८ च्या कायद्याने त्यांच्यापैकी लक्षावधींचे नागरिकत्व गेले. १९६४ साली भारताशी झालेल्या करारानुसार कित्येकांना पिढ्यांचे घर सोडावे लागले. आणि उरलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ साली झाला. सकाळच्या चहाच्या कपात हा सारा इतिहास असतो.

डोंगरांतच २,२४३ मीटर उंचीचे श्रीपाद शिखर आहे. माथ्यावरील पावलाचा ठसा बौद्ध बुद्धाचा मानतात, हिंदू शिवाचा, मुसलमान आदमचा. काही ख्रिस्ती लोक तो संत थॉमसचा समजतात. डिसेंबर ते मे या यात्राकाळात लोक रात्री चढू लागतात व सूर्योदयाला माथा गाठतात. पाच हजारांहून अधिक पायऱ्या चढताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. दमलेल्याला हात मात्र देतात.

शेवटी खाली किनाऱ्यावर यावे. दक्षिणेस गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी आरंभिला व डचांनी वाढविला. वसईच्या ओस पडलेल्या किल्ल्याप्रमाणे तो नाही, आत आजही लोक राहतात. विमानतळाजवळचे निगोम्बो हे कॅथलिक कोळ्यांचे शहर. पहाटेचा मासळीबाजार चुकवू नये. निगोम्बोजवळील कटुवपिटिय येथील संत सेबास्तियनच्या आणि कोलंबोतील कोच्चिकडे येथील संत अंतोनीच्या मंदिरांत २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, बॉम्बस्फोट झाले. त्या दिवशी बेटावर अडीचशेहून अधिक लोक प्राणास मुकले. दोन्ही मंदिरे पुन्हा उभी आहेत व त्यांत मिस्सा होते. तेथे कॅमेरा पिशवीत ठेवावा व क्षणभर स्तब्ध उभे राहावे.

मुलांसाठी वन्य प्राणीही आहेत. पेंचचा वाघ तेथे नाही. याल येथील रानात बिबळ्याच राजा. मिन्नेरिय तळ्याचे पाणी आटून काठी कोवळे गवत उगवले, की जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत रानहत्तींचे कळप तेथे जमतात.

शेतकरी वाचकांनी आणखी एक गोष्ट तेथील शेतकऱ्यांस विचारावी. २०२१ साली सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पुरेसे सेंद्रिय खत नाही, पूर्वतयारी नाही. भाताचे व चहाचे उत्पन्न घटले. काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. २०२२ साली परकीय चलन संपले, तेव्हा इंधनासाठी लोकांना दिवसचे दिवस रांगेत काढावे लागले. शेणखताचा महिमा आम्हीही मानतो. परंतु शेतकऱ्याला न विचारता एका फर्मानाने शेती बदलत नाही, हे त्या बेटाने फार महाग किंमत देऊन जगाला दाखविले.

आता चार व्यावहारिक सूचना. पारपत्राची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी व प्रवेशपरवान्याचे नियम निघण्यापूर्वी पाहावेत. पश्चिम व दक्षिण किनारा आणि डोंगरी भाग यांसाठी जानेवारी ते मार्च, तर पूर्व किनाऱ्यासाठी मे ते सप्टेंबर हे महिने बरे. मंदिरांत पादत्राणे काढावीत, खांदे व गुडघे झाकावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणे हा तेथे मोठा अपमान समजतात. पौर्णिमेला सार्वजनिक सुटी असते व मद्यविक्री बंद राहते. शक्यतो गावकऱ्यांच्या घरगुती विश्रामगृहात उतरावे. संकटांतून सावरणाऱ्या कुटुंबाच्या हाती आपले पैसे थेट पडतात. सणाला तेथे 'किरिबत' रांधतात. किरि म्हणजे क्षीर व बत म्हणजे भात, हे सांगावयास दुभाषा नको ! नारळाच्या दुधातला हा भात आणि आपल्या संत्र्याच्या रंगाचे 'तंबिली' शहाळे अवश्य चाखावे. कोणी हात जोडून 'आयुबोवन' म्हटले तर त्याचा अर्थ 'दीर्घायुषी व्हा' असा आहे. आपणही तेच म्हणावे. तमिळ माणसाला मात्र 'वणक्कम्' म्हणावे. दोन्ही शब्द ठाऊक असलेला पाहुणा दोन्ही घरी गोड होतो.

परतताना चहाचा डबा व दालचिनीची पुडी येईलच. त्यांबरोबर त्या तळ्यांच्या माळेचे एक चित्र मुलांकडून वहीत काढून आणावे. पुढल्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावच्या नाल्यावर बांध घालण्याची गोष्ट निघेल, तेव्हा ते चित्र ग्रामसभेत दाखविता येईल.