दुकानात पाणी शिरण्याआधी आणि शिरल्यानंतर

नागपूरचा व्यापारी पुराला कधी घाबरला नाही. समुद्र दूर, मोठ्या नद्या शहराबाहेर, आणि नागनदीला तर आपण नाला म्हणूनच ओळखतो. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री हा समज धुऊन निघाला. सुमारे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठचे अंबाझरी ले-आउट, शंकरनगर, धरमपेठ, सीताबर्डी हे भाग पहाटेपर्यंत पाण्याखाली गेले. चौघांचा जीव गेला. सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरले. दिवस सणाचे होते. गणपती बसलेले, ईद-ए-मिलाद पाच दिवसांवर, पुढे नवरात्र आणि दिवाळी. म्हणजे वर्षात दुकाने जेव्हा सर्वांत जास्त भरलेली असतात, नेमकी ती वेळ. शासनाने दुकानदारांना पन्नास हजार रुपयांपर्यंत आणि टपरीवाल्यांना दहा हजारांपर्यंत मदत जाहीर केली. टपरीवाल्याला तिचा आधार झाला असेल, पण कपड्याच्या धंद्यात पन्नास हजारांत साध्या साड्यांची एखादी गाठ येते.

ही काही पहिली वेळ नव्हती. जुलै १९९४ मध्ये नागपुरात चोवीस तासांत ३०४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ६ जुलै २०१८ ला पावसाळी अधिवेशन चालू असताना विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरले आणि सभागृहाचे कामकाज त्या दिवसापुरते बंद करावे लागले. जिथे राज्याचे कायदे होतात तिथली वीज तळाला, मग आपल्या दुकानाचे काय? आणि आपल्याच जिल्ह्यातले मोवाड गाव ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात बुडाले, दोनशेच्या वर माणसे गेली, हे जुन्या लोकांना सांगावे लागत नाही.

पाणी इतक्या लवकर का चढते, याचा हिशेब सोपा आहे. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरच्या वर पाणी जमा होते, म्हणजे जवळपास एक टँकर. गल्लीत अशा पन्नास गच्च्या असतील तर पन्नास टँकर. पूर्वी यातले बरेच पाणी अंगणात, मैदानात मुरत असे. आता अंगणात फरशी आणि रस्त्यावर सिमेंट आहे. सगळे पाणी त्याच नाल्यांत जाते आणि नाल्यांवर आपणच ओटे बांधले आहेत. अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्याचा निवाडा तिथे होईल. आपल्या दुकानासमोरच्या नालीवर ठेवलेला दगड मात्र आपल्यालाच उचलायचा आहे.

आता कामाच्या गोष्टी.

बहुतेक दुकानदार शटरकडे बघत बसतात आणि पाणी मागून येते. गटार भरले की सांडपाणी उलटे फिरून मोरीतून, संडासातून वर चढते. तळघरात तर आधी तिथूनच येते. प्लंबरकडून बाहेरच्या पाइपला एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. तो नसेल तर मोरीच्या तोंडावर जाड प्लास्टिक आणि त्यावर वाळूचे वजनदार पोते ठेवावे. शटरसाठी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या किंवा बारदान चालते. वाळू दोन तृतीयांशच भरावी. ठासून भरलेले पोते दगडासारखे होते आणि फटी राहतात. आधी प्लास्टिकचा कागद अंथरावा, मग पोती विटांसारखी सांधा मोडून रचावीत. गच्चीचे पाइप जूनच्या आधी एकदा आणि पोळ्याच्या सुमारास पुन्हा साफ करावेत. संक्रांतीच्या पतंगांचा मांजा पाइपात अडकून त्यावर पाने साचतात, हे मी स्वतः हात घालून काढले आहे.

माल रचताना आपण विक्रीचा विचार करतो, पाण्याचा करत नाही. जे जास्त खपते ते हाताशी, म्हणजे खाली. पावसाळ्याचे चार महिने हे उलटे करावे. पॉलिस्टर आणि नायलॉन खाली चालेल, ते पाणी कमी पितात आणि लवकर वाळतात. सुती, रेशमी आणि जरीचा माल वर ठेवावा. कोऱ्या मांजरपाटाला कांजी असते, त्यामुळे बुरशीला तो सर्वांत आधी आवडतो. गाठी फरशीवर ठेवू नयेत, लाकडी घोडीवर ठेवाव्यात. आपल्या गल्लीत आजवर पाणी जिथपर्यंत चढले तिथे भिंतीवर खूण करावी आणि घोडी तिच्याहून फूटभर उंच करावी. प्लास्टिक गुंडाळायचे तर खालून वर, तोंड वर येईल असे. वरून टाकलेल्या पल्लीचा पुरात काही उपयोग नाही. पुठ्ठ्याची खोकी भिजली की बसतात आणि वरचा कोरडा मालही पाण्यात येतो.

मोमिनपुरा असो की कामठी, खड्ड्याच्या हातमागावर काम करणाऱ्या बुनकर भावांची अडचण वेगळी आहे. खड्ड्यात पाणी आधी भरते आणि ताणा उचलून नेता येत नाही. खड्ड्याच्या कडेला दोन विटांचा बांध घातला तर घरात पसरलेले थोडे पाणी थांबते, मोठे थांबत नाही. म्हणून पावसाचा इशारा असेल तेव्हा सुताच्या लडी आणि तयार थान तरी रात्री माळ्यावर टाकून झोपावे. यंत्रमागाची मोटर भिजली असेल तर बटण दाबून बघू नये. वीजमिस्त्रीने उघडून, वाळवून तपासल्यावरच ती सुरू करावी, नाहीतर वाइंडिंग जळते आणि माणसालाही झटका बसतो. मीटरचा बोर्ड कमरेच्या खाली असेल तर तो वर घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा. पाणी दाराशी आले की मेन स्विच आधी बंद, माल नंतर.

सूत बऱ्याचदा महाजनाचे असते. ते वाहून गेले तर नुकसान कोणाचे, हा वाद पुरानंतर सुरू होतो आणि नाती तोडतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असे कुरआनने सांगितले आहे. तसा हा मुद्दाही सूत घेतानाच दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

वाऱ्याबद्दल थोडे. तुफानी चक्रीवादळ किनाऱ्यावरच्या लोकांचे दुखणे आहे. आपण दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत आहोत, आपल्यापर्यंत त्याचा पाऊस पोचतो. आपला वारा एप्रिल ते जूनमधला, दुपारनंतर अचानक सुटणारा. तो छप्पर वरून दाबत नाही, उचलतो. शटर अर्धे उघडे असले की वारा आत शिरतो, आतून ढकलतो, वरून ओढतो आणि टिनाचे पत्रे निघतात. म्हणून वारा सुटताच शटर पूर्ण खाली करावे. पत्र्यांचे हूक दर उन्हाळ्यात तपासावेत, विशेषतः कडेच्या ओळीचे. पत्र्यावर दगड ठेवणे धोक्याचे आहे, वादळात तोच दगड रस्त्यावर कुणाच्या डोक्यात पडतो. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडून १७ जण गेले, तेव्हा आपल्या दुकानाचा बोर्ड कशाने बांधला आहे हेही वर चढून बघावे. हवामान खात्याचे तीन तासांचे इशारे आता मोबाइलवर मिळतात. नारंगी आणि लाल रंगाचा अर्थ घरातल्या मुलांना ठाऊक असतो, त्यांना विचारावे.

विम्याचा शरई मसला मी सांगणार नाही, तो मुफ्तीसाहेबांना विचारावा. पण बँकेची कॅश क्रेडिट घेतली असेल तर मालाचा विमा बहुधा काढलेलाच असतो आणि आपण पॉलिसी उघडूनही बघत नाही. मी बघितली नव्हती. माझा थोडा माल मागच्या गल्लीतल्या गोदामात भिजला आणि कंपनीने कळवले की पॉलिसीत फक्त दुकानाचा पत्ता आहे. चूक माझी होती, रागही आला. तेव्हा प्रत्येक जागेचा पत्ता लिहिलेला आहे ना, हे बघावे. दुसऱ्याचा माल आपल्याकडे असेल तर तोही नमूद करून घ्यावा. एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या जोखमीसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आहे, तिच्यात वादळ आणि पूर येतात. विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा कमी असेल तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते. या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक माफ आहे, त्याहून जास्त नाही. दिवाळीचा माल भरताना रक्कम वाढवून घ्यावी.

पाणी उतरले की आधी फोटो घ्यावेत, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसह. तलाठ्याचा पंचनामा करून घ्यावा. विमा कंपनीला लेखी कळवावे आणि सर्वेअर येईपर्यंत माल फेकू नये. पण गाठी बांधलेल्या तशाच ठेवून वाटही बघू नये. एक ते दोन दिवसांत बुरशी धरते, आणि नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचेच काम मानले जाते. थान उघडावेत, चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने काढावा, गडद रंग वेगळे करावेत, सावलीत वाऱ्यावर पसरावेत. चिखलावर इस्त्री फिरवली की डाग कायमचा. पुराचे पाणी गटाराचे असते. म्हणून कपडा तीनदा धुऊन, दर वेळी पिळून पाक करावा, हे घरोघरी माहीत आहे.

मग विक्री. १९९४ ला आमच्या दुकानातली खालची ओळ भिजली. मुनीमजींचे म्हणणे होते की इस्त्री मारली तर कळणारही नाही. वडिलांनी मला ती हदीस आठवते का म्हणून विचारले. रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. दुकानदार म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा, मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारण्यात आले. वडिलांनी तो माल ओट्यावर वेगळा मांडला आणि पाटीवर 'पाण्यात भिजलेला' असे लिहिले. अर्ध्या भावात चार दिवसांत गेला. गिऱ्हाइके गाद्या-रजया शिवणारे, अस्तर घेणारे शिंपी, दोन-तीन मदरसेवाले अशी होती.

आज असे विकताना एक फायदा आणखी आहे. माल नष्ट झाला म्हणून वहीतून काढला तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे त्याच्या खरेदीवर घेतलेली कर-वजावट परत करावी लागते. कमी भावात का होईना, बिल फाडून विकला तर विक्रीच्या किमतीवर कर भरायचा आणि वजावट तशीच राहते. म्हणून कोणता थान फेकायचा आणि कोणता विकायचा, याची यादी आपल्या हिशेबनिसाला बसवून त्याच आठवड्यात करावी.