बोअरमध्ये पाणी येतं कुठून?

आजचा भाग शाळेतल्या दोस्तांसाठी आहे. मोठ्यांनीही सोबत बसायला हरकत नाही. नेहमीप्रमाणे बोललेलंच थोडं नीट करून इथं लिहिलंय.

विषय माझ्या भाच्यानं दिला. तो सातवीत आहे. मे महिन्यात आम्ही सगळे गावी, नगर जिल्ह्यात, जमलो होतो. आमचा बोअर आटलेला, दारात टँकर. त्यानं विचारलं, "मामा, बोअर आटला म्हणजे खालचं पाणी गेलं कुठं?" मी इंजिनिअर, पण कॉम्प्युटरचा. ठोकून दिलं, "अरे, खाली झरा असतो, तो संपला." त्याला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही. मग जरा अभ्यास केला.

पहिली गोष्ट, खाली तळं नसतं आणि नदीही नसते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकावर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा लाव्हा. असे थरावर थर. विहीर खोदणाऱ्यांना हे थर पुस्तकाशिवाय माहीत असतात: वर माती, मग मुरूम, मग कुठं मांजऱ्या, कुठं काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे तसेच अडकले, त्यांची ती भोकं. हा खडक लवकर झिजतो, म्हणून त्यात पाणी मुरतं. काळा पाषाण मात्र आतून घट्ट. त्यात पाणी असलंच तर फक्त फटींमध्ये.

म्हणजे आपलं भूजल हे खडकाच्या फटीत आणि मुरमाच्या कणांमध्ये अडकलेलं पावसाचं पाणी आहे. घरी करून बघा: काचेच्या ग्लासात खडी भरा, अर्ध्यापर्यंत पाणी ओता. आता दोन स्ट्रॉ घाला, एक आखूड, एक लांब. लांब स्ट्रॉनं ओढत राहा. थोड्या वेळानं आखूड स्ट्रॉमध्ये नुसती हवा येईल.

आखूड स्ट्रॉ म्हणजे विहीर, लांब म्हणजे बोअर. हे सांगताना मला आण्णा आठवतात.

आण्णा आमचे बांधाला बांध असलेले शेजारी. त्यांची विहीर ४५ फुटांची, मी तिथंच पोहायला शिकलो. काही वर्षांपूर्वी काकांनी ऊस लावायचं ठरवलं आणि ४२० फुटांचा बोअर मारला. निम्मे पैसे माझे होते. नोकरी नवीन होती, घरासाठी काहीतरी केलं म्हणून मी खूश. पाणी लागलं, तेव्हा पेढेही वाटले. पुढच्या वर्षी आण्णांची विहीर फेब्रुवारीतच कोरडी पडली.

असं होतं कसं? बोअर मारताना वरच्या मातीपुरता पाइप घालतात, त्याला केसिंग म्हणतात. खाली खडकात नुसतंच भोक असतं. ते भोक एकेक थर छेदत जातं. मग ज्या वरच्या थरातून विहिरीला पाणी यायचं, तेच पाणी या भोकातून खाली ओघळतं. मोटर चालू केली की आणखी जोरात. आजूबाजूला बाकीच्यांचेही बोअर होते, दोष एकट्या आमच्या बोअरचा नाही, असं काका म्हणतात. ते खोटं नाही. पण आम्ही नवीन पाणी आणलं नव्हतं, एवढं मला आता कळतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर घ्यायला मनाई आहे. आमच्या घरात तेव्हा कुणी हे विचारलंच नाही. मीही नाही.

आता थोडं गणित, घाबरू नका. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर होतो. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. वर्षाला ४५० मिलिमीटर पाऊस धरला तर एकरावर १८ लाख लिटर पडलं. बापरे, केवढं! पण त्यातलं बरंचसं वाहून जातं, वाफ होतं, झाडं पितात. बेसाल्टमध्ये खोल मुरतं ते ढोबळमानानं दहा टक्के. म्हणजे १.८ लाख लिटर. एक एकर उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ८० लाख लिटर. पावसाचा थेंबन् थेंब उसालाच मिळाला असं धरा, तरी ६२ लाख कमी पडतात. भागाकार करा: एका एकराच्या उसासाठी ३४ एकरांत मुरलेलं पाणी. आमची सगळी जमीनच सहा एकर आहे!

हे गणित आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं कधीच करून ठेवलंय. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथं सरपंच झाले. गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे नियम केले. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, विहिरींत किती पाणी आहे ते बघून ग्रामसभेत पिकं ठरतात. याला ते पाण्याचा ताळेबंद म्हणतात. त्यांनी बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, तेही महत्त्वाचं. पण मला विचाराल तर अवघड काम हे मोजायचं आणि मोजलेलं मानायचं.

मोजणं तुम्हालाही जमेल, सोबत मोठं माणूस मात्र हवंच. दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला दगड बांधा, विहिरीत सोडा. दगड पाण्याला टेकला की गाठी मोजा आणि कठड्याची उंची वजा करा. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. तुम्ही महिन्याला एकदा मोजा, वहीत तारीख टाका.

भाच्यानं सुरुवात केलीय. पहिलं माप जूनमधलं, पावसाआधीचं: कोरडी. आण्णा स्वतः त्याच्यासोबत कठड्यापाशी उभे होते म्हणे. दुसरं माप आलं की तो मला फोन करणार आहे, मी ते पुढच्या भागात सांगेन. उसाबद्दल काकांशी मी अजून बोललेलो नाही. दिवाळीच्या आत बोलायचंय, कारण त्यानंतर बेणं येईल.