चहा सह्याद्रीत, चोथा हजरमध्ये

दुबईहून पूर्वेकडे तास-सव्वा तास गाडी हाकली की तांबूस वाळू संपते आणि करपलेल्या भाकरीच्या रंगाचे डोंगर एकदम पुढ्यात येतात. हे हजर पर्वत. अरबीत हजर म्हणजे दगड. आमच्या मराठी गटात मात्र "सगळे हजर?" हा विनोद दर हिवाळ्यात होतोच, आणि दर वेळी कुणीतरी हसतंही.

जानेवारीतला शनिवार होता. रास अल खैमातल्या वादी शौकाला आम्ही सतरा जण जमलो होतो, त्यात पाच मुलं आणि माझे सासरे. आबा जुन्नरचे. शिवनेरी-हडसर-चावंड त्यांच्या अंगणातले. त्यांनी गाडीतून उतरून चारी बाजूंनी पाहिलं आणि निकाल दिला, "गवताचं पातं नाही. ह्याला काय डोंगर म्हणायचं?"

मी पदार्थविज्ञानात काम करते, भूशास्त्र माझा विषय नाही. पण या दगडाबद्दल वाचल्यापासून इथे नुसतं चालणं मला जमत नाही.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. हा लाव्हा येतो प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातून. प्रावरणाचा खडक वर सरकताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, तो थोडासा वितळतो आणि तो वितळलेला अंश वर निसटतो. चहा गाळल्यासारखंच. बेसाल्ट हा चहा. मग चोथा कुठे राहिला? आपल्या दख्खनचा चोथा खोल खालीच आहे, तो कुणाला पाहायला मिळत नाही. शौकाच्या पायवाटेवर मात्र आपण चोथ्यावरूनच चालतो. हा चोथा दख्खनचा नाही, एका नाहीशा झालेल्या समुद्राचा आहे.

त्या समुद्राचं नाव टेथिस. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळाशी नवं कवच तयार होत होतं. सागरी कवच सहसा खंडाखाली बुडतं. इथे उलट झालं: कवचाचा एक प्रचंड तुकडा, खालच्या प्रावरणाच्या जाड कापासकट, अरबस्तानच्या काठावर चढून बसला. ओमान आणि अमिराती मिळून पसरलेला हा पट्टा म्हणजे सेमाइल ओफिओलाइट. सागराच्या तळाचा इतका मोठा आणि इतका नीट दिसणारा छेद जगात दुसरीकडे क्वचितच सापडतो.

मुलांना हे कंटाळवाणं होतं, म्हणून मी घरच्या फ्रिजवरचा गणपतीपुळ्याचा मॅग्नेट दोऱ्याला बांधून आणला होता. हिरवट, साबणासारख्या गुळगुळीत दगडाजवळ धरला की तो हळूच ओढला जातो. प्रावरणातल्या ऑलिव्हिन या खनिजात पाणी शिरलं की त्याचं सर्पेंटाइन होतं, आणि त्यातलं जास्तीचं लोह मॅग्नेटाइट बनून बाहेर पडतं. पुढचा अर्धा तास मॅग्नेटसाठी भांडणं झाली.

आबा थांबले ते पांढऱ्या रेघांपाशी. तपकिरी दगडात चुन्याने ओढल्यासारख्या शिरा. यातल्या बऱ्याच शिरा कार्बोनेटच्या असतात: पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडकातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियमशी जोडला जाऊन दगड झालेला. केलेमन आणि मॅटर यांनी २००८ साली ओमानमधल्या खडकांचा हिशेब मांडला, तो असा की हे डोंगर आपणहून वर्षाला दहा हजार ते एक लाख टन कार्बन डायऑक्साइड गिळतात. हा वेग वाढवता येईल का, याची चाचणी २०२३ मध्ये शेजारच्या फुजैरात हाती घेतली गेली: वायू पाण्यात विरघळवून खडकात सोडायचा. तेलावर उभ्या राहिलेल्या देशात हे घडतंय, आणि आपल्यापैकी कितीतरी घरं त्याच तेलावर चालतात. आबा म्हणाले, "म्हणजे धूर पुरायचा." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

डोहांपर्यंत शेवटचा दीड किलोमीटर उरला असताना पूर्वेच्या कड्यामागे ढग दिसला. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. मी परत फिरायचं म्हटलं, आणि वाद सुरू झाला. मुलं पोहण्याचे कपडे घालून आली होती. "एवढ्याशा ढगाला?" "अंदाजात पाऊस नव्हता." सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं.

पण इथे वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे तो शोषायला माती नाही, झाडोरा नाही. पडलेला थेंब तडक उताराला लागतो आणि दूरवरचं पाणी कोरड्या वादीत भिंतीसारखं येतं. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे एका दिवसात २५४.८ मिलिमीटर पडला, तो दिवस इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. पाऊस असताना वादीपाशी जमण्याला आता दंडही आहे.

आबा तोवर गप्प होते. "आमच्याकडे ओढ्याचं पाणी गढूळ झालं की पळायला वेळ असतो. इथे पाणीच नाही, गढूळ काय होणार? चला मागं." सुनेची बाजू त्यांनी पहिल्यांदाच घेतली असेल.

परतताना खजुराच्या बागांमधून गेलो. कडेला फलजची जुनी नाली होती, म्हणजे आपला पाटच. डोंगराळ गावांत तो बहुधा वादीचंच पाणी वळवून आणतो आणि पाळीपाळीने वाटतो. अल ऐनचे फलज जमिनीखालून येतात, मलिक अंबरने सतराव्या शतकात औरंगाबादेत बांधलेल्या नहरीच्या जातीचे. ही नाली कोरडी होती, शेजारी पंप धडधडत होता. पाणी खोल गेलं की उताराच्या पाटाला ते मिळत नाही, पंपाला मिळतं, आणि मग ते आणखी खोल जातं. आबांनी नालीत हात घालून कोरडा गाळ चुरगाळून पाहिला. "जुन्नरलाही विहिरींचं असंच झालं," एवढंच म्हणाले.

गाड्यांपाशी पोचलो तेव्हा चार थेंब पडले. वादीत पाणी आलं नाही. मुलं अजून माझ्याशी बोलत नव्हती. थर्मासमधला चहा वाटताना गटातलं कुणीतरी "उगाच फिरलो मागे" म्हणालंच.