हार्ड डिस्क बदलल्यानंतरची विंडोज पुनर्प्राप्ती

विंडोज पुनर्प्राप्ती व्यवस्था ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीतील बिघाड दुरुस्त करण्यासाठी किंवा ती प्रणाली पुन्हा बसवण्यासाठी वापरली जाणारी एक लहान, स्वतंत्र प्रणाली होय. मुख्य प्रणाली सुरू होण्यास असमर्थ ठरते, तेव्हा संगणक या व्यवस्थेचा आधार घेतो. संगणकाची हार्ड डिस्क बदलल्यानंतर मात्र ही व्यवस्था पुष्कळदा नाहीशी होते, किंवा अस्तित्वात असूनही सुरू होत नाही. ती संगणकाच्या मुख्य फलकावर नव्हे, तर हार्ड डिस्कवरच साठवलेली असते, हे याचे मूळ कारण आहे. नव्या डिस्कवर मुख्य प्रणाली सुरळीत चालत असल्यास ही उणीव लक्षात येत नाही. ती पुढच्या बिघाडाच्या वेळी, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी उघड होते. म्हणून डिस्क बदलल्यानंतर पुनर्प्राप्ती व्यवस्थेची तपासणी हा त्या कामाचाच एक भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

विंडोज २००० व विंडोज एक्सपी या आवृत्त्यांमध्ये दुरुस्तीसाठी ‘रिकव्हरी कन्सोल’ नावाची केवळ आज्ञांवर चालणारी सोय होती. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर आजची पुनर्प्राप्ती व्यवस्था अस्तित्वात आली. २००९ च्या विंडोज ७ पासून ती प्रणालीबरोबर आपोआप डिस्कवर बसवली जाऊ लागली.

याच्या जोडीला संगणक उत्पादकांनी स्वतःची वेगळी सोय केली होती. संगणक कारखान्यातून बाहेर पडताना ज्या स्थितीत असे, त्या स्थितीची संपूर्ण प्रत डिस्कच्या एका राखीव भागात ठेवली जाई. संगणक सुरू करताना ठरावीक कळ दाबली की ही सोय उघडत असे. एचपीच्या अनेक संगणकांत एफ११, असूसच्या अनेक संगणकांत एफ९, तर एसरच्या संगणकांत ऑल्ट व एफ१० या कळा त्यासाठी वापरल्या जात. या सोयीमुळे संगणकाबरोबर प्रणालीची तबकडी देण्याची गरज उरली नाही. परिणामी, डिस्क निकामी झाली की प्रणालीही गेली आणि ती परत मिळवण्याचे साधनही गेले, अशी स्थिती निर्माण झाली.

‘सिस्टिम रिस्टोर’ ही याहून वेगळी सोय आहे. तिचा समावेश २००० साली विंडोज मी या आवृत्तीत झाला. ती प्रणालीच्या संचिका व नोंदी पूर्वीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत नेते. तिचे ‘रिस्टोर पॉइंट’ही डिस्कवरच असतात, त्यामुळे कोऱ्या डिस्कवर प्रणाली नव्याने बसवल्यास जुने रिस्टोर पॉइंट उपलब्ध राहत नाहीत.

रचना

विंडोज असलेल्या डिस्कचे साधारणतः तीन-चार भाग पाडलेले असतात. या भागांना पार्टिशन असे म्हणतात. नव्या पद्धतीच्या संगणकात पहिले लहान पार्टिशन प्रारंभाच्या संचिकांचे, सर्वांत मोठे पार्टिशन मुख्य प्रणालीचे व काहीशे मेगाबाइटचे पार्टिशन पुनर्प्राप्तीचे असते. उत्पादकाची प्रत असल्यास तिचे पार्टिशन कित्येक गीगाबाइटचे असते. पुनर्प्राप्तीच्या पार्टिशनला सहसा अक्षरनाम दिलेले नसते. म्हणून नेहमीच्या वापरात ते दृष्टीस पडत नाही.

पुनर्प्राप्ती व्यवस्था सुरू होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, ‘विनआरई.विम’ ही संचिका, जिच्यात ती लहान प्रणाली बांधून ठेवलेली असते. दुसरी, ‘रीएजंट.एक्सएमएल’ ही नोंदसंचिका, जिच्यात ती संचिका कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवर आहे हे नमूद असते. तिसरी, प्रारंभ-नोंदी, ज्यांवरून संगणक बिघाडाच्या वेळी कोणीकडे वळायचे ते ठरवतो. या नोंदींमध्ये डिस्क व पार्टिशन यांचा उल्लेख नावाने नसून ओळखक्रमांकाने असतो.

दोषांची कारणे

डिस्क दोन प्रकारे बदलली जाते आणि दोन्ही प्रकारांत उद्भवणारे दोष वेगळे असतात.

पहिल्या प्रकारात कोरी डिस्क बसवून तिच्यावर प्रणाली नव्याने घातली जाते. अशा वेळी विंडोज स्वतःचे पुनर्प्राप्तीचे पार्टिशन तयार करते. परंतु उत्पादकाची प्रत नव्या डिस्कवर येत नाही. त्यामुळे पूर्वीची कळ दाबूनही काही घडत नाही. हा कळीचा किंवा संगणकाचा दोष नसून, त्या कळीने जे उघडायचे तेच डिस्कवर नसते. विंडोज ८ मध्ये संगणक मूळ स्थितीला नेण्यासाठी अशा संपूर्ण प्रतीची आवश्यकता होती. ती न सापडल्यास काही संचिका गहाळ असल्याचे सांगून प्रणाली बसवण्याचे माध्यम मागितले जाई. विंडोज १० पासून प्रणाली स्वतःच्याच संचिकांमधून पुन्हा उभी राहू शकते, म्हणून ही अडचण कमी झाली.

दुसऱ्या प्रकारात जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवली जाते. प्रत करणाऱ्या काही आज्ञावली केवळ मुख्य प्रणालीचे पार्टिशन उचलतात व पुनर्प्राप्तीचे पार्टिशन मागे राहते. काही आज्ञावली सर्व पार्टिशने उतरवतात, पण त्यांचे ओळखक्रमांक किंवा क्रम बदलतात. अशा वेळी संचिका जागेवर असते, परंतु नोंद जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत राहते. पार्टिशनचा प्रकार-संकेत बदलला गेल्यास विंडोज त्याला पुनर्प्राप्तीचे पार्टिशन म्हणून ओळखत नाही.

जुन्या संगणकांत आणखी एक कारण संभवते. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये मास्टर बूट रेकॉर्ड ही नोंद असते आणि तिच्यातील ४४६ बाइट प्रारंभ-संकेतासाठी असतात. काही उत्पादकांनी आपली कळ ओळखण्याचा संकेत याच जागेत ठेवला होता. नव्या डिस्कवर विंडोजचा सर्वसाधारण संकेत लिहिला गेला, की राखीव पार्टिशन शाबूत असूनही कळ निरुपयोगी ठरते.

प्रत केल्यानंतर जुनी व नवी डिस्क एकाच वेळी जोडून संगणक सुरू करणे हेही दोषाचे कारण ठरते. दोन्ही डिस्कचा ओळखक्रमांक सारखा असल्यास विंडोज त्यांपैकी एक डिस्क बंद अवस्थेत ठेवते. तिचा ओळखक्रमांक बदलला गेल्यास त्यावर विसंबलेल्या प्रारंभ-नोंदी निरुपयोगी होतात.

निदान

व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी’ ही आज्ञा तिरप्या रेषेपुढे ‘इन्फो’ हा शब्द जोडून दिली असता पुनर्प्राप्ती व्यवस्थेची स्थिती समजते. उत्तरात ती चालू आहे की बंद, आणि चालू असल्यास कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवर आहे, हे दिलेले असते. डिस्कची गणना शून्यापासून, तर पार्टिशनची एकपासून होते. हा पत्ता ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये दिसणाऱ्या प्रत्यक्ष मांडणीशी ताडून पाहावा लागतो.

स्थिती ‘चालू’ दिसणे पुरेसे नसते. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडले असता निळ्या पडद्यावर पर्यायांची यादी आली, तरच व्यवस्था खरोखर काम करते असे म्हणता येते. पुनर्प्राप्ती व्यवस्था सापडली नाही, असा संदेश आल्यास नोंद किंवा संचिका यांपैकी एकात दोष असतो.

पेन ड्राइव्हवरून पुनर्प्राप्ती सुरू होते, परंतु तिला नवी डिस्कच दिसत नाही, अशीही स्थिती उद्भवते. डिस्क नीट बसलेली असल्यास बहुधा नियंत्रकाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, त्या माध्यमात नसतो. इंटेलच्या काही संगणकांत डिस्क व्हीएमडी किंवा रेड पद्धतीने जोडलेली असते; अशा वेळी उत्पादकाकडून मिळवलेला चालक पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो. प्रत केलेल्या प्रणालीत ही जोडणीची पद्धत बायोसमधून अचानक बदलल्यास प्रारंभीचे उपकरण उपलब्ध नसल्याचा संदेश येऊन प्रणाली थांबते.

उपाय

नोंद चुकलेली, पण संचिका शाबूत असल्यास उपाय सोपा आहे. ‘रीएजंटसी’ आज्ञेला प्रथम ‘डिसेबल’ व नंतर ‘एनेबल’ हे शब्द जोडून ती दोनदा चालवली जाते. व्यवस्था बंद होताना तिची संचिका विंडोजच्या ‘सिस्टिम३२’मधील ‘रिकव्हरी’ या फोल्डरमध्ये परत आणली जाते व चालू करताना योग्य पार्टिशनवर नेली जाते. जुनी नोंद आडवी येत असल्यास ‘रीएजंट.एक्सएमएल’चे नाव बदलून ठेवावे. ‘एनेबल’ करताना ती संचिका नव्याने तयार होते.

संचिकाच नसल्यास ती त्याच आवृत्तीच्या विंडोज माध्यमातून मिळवता येते. माध्यमातील मोठ्या प्रणाली-संचिकेच्या आत ‘विनआरई.विम’ असते. ती काढून वरील ‘रिकव्हरी’ फोल्डरमध्ये ठेवल्यावर ‘एनेबल’ची आज्ञा दिली जाते. योग्य पार्टिशन न सापडल्यास विंडोज ती मुख्य पार्टिशनवरच ठेवते. मात्र ते पार्टिशन बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास तेथे व्यवस्था चालू होऊ शकत नाही.

नवे पार्टिशन तयार करायचे असल्यास ते मुख्य प्रणालीच्या लगेच नंतर असावे, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे, कारण तेथे गरजेप्रमाणे ते वाढवता येते. आकाराकडेही लक्ष द्यावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेली केबी५०३४४४१ ही सुधारणा पुनर्प्राप्तीच्या पार्टिशनवर २५० मेगाबाइट मोकळी जागा नसलेल्या संगणकांत बसू शकली नाही.

मुख्य प्रणालीच सुरू होत नसल्यास विंडोजचे माध्यम आवश्यक ठरते. ‘मीडिया क्रिएशन टूल’ या मायक्रोसॉफ्टच्या निःशुल्क साधनाने ते दुसऱ्या संगणकावर तयार करता येते व त्यासाठी किमान ८ गीगाबाइटचा पेन ड्राइव्ह लागतो. त्यातील दुरुस्तीचा पर्याय निवडून ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने प्रारंभ-संचिका पुन्हा लिहिता येतात. तेथे पार्टिशनची अक्षरनामे नेहमीपेक्षा वेगळी असू शकतात. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी ती पडताळणे अगत्याचे असते. चुकीच्या पार्टिशनवर दिलेली पुसण्याची आज्ञा मागे घेता येत नाही.

कूटबद्ध डिस्क व परवाना

अनेक नव्या संगणकांत डिस्क आपोआप कूटबद्ध केलेली असते. अशा संगणकाची पुनर्प्राप्ती करताना ४८ अंकी पुनर्प्राप्ती-संख्या मागितली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला असल्यास ही संख्या सहसा त्या खात्यात जतन होते. ती हाताशी नसल्यास डिस्क सुस्थितीत असूनही तिच्यातील विदा वाचता येत नाही. म्हणून डिस्क काढण्यापूर्वीच ही संख्या कागदावर उतरवून घेणे व प्रत करण्याआधी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करणे इष्ट ठरते.

विंडोजच्या परवान्याबाबत मात्र सहसा अडचण येत नाही. विंडोज ८ व त्यानंतरच्या आवृत्त्यांसह विकल्या गेलेल्या संगणकांत परवान्याची संख्या बहुधा मुख्य फलकावर नोंदलेली असते. विंडोज १० चा डिजिटल परवानाही प्रामुख्याने मुख्य फलकाशी निगडित असतो. त्यामुळे केवळ डिस्क बदलल्याने नवा परवाना घ्यावा लागत नाही.

अन्य प्रणालींशी तुलना

ॲपलच्या मॅक संगणकांत २०११ च्या लायन आवृत्तीपासून डिस्कवर पुनर्प्राप्तीचे पार्टिशन ठेवले जाऊ लागले. त्याच सुमारास इंटरनेटवरून पुनर्प्राप्तीची सोयही आली. इंटेल प्रक्रियक असलेल्या मॅकमध्ये ती मुख्य फलकावरील मूळ आज्ञावलीतून सुरू होते. त्यामुळे डिस्क पूर्णपणे कोरी असली तरी ती चालते. विंडोज १० च्या २०२० मधील आवृत्तीपासून मूळ स्थितीला नेताना प्रणाली इंटरनेटवरून उतरवण्याचा पर्याय मिळतो. परंतु तो पर्याय दाखवणारी पुनर्प्राप्ती व्यवस्था डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर असावीच लागते.

मर्यादा व खबरदारी

पुनर्प्राप्ती म्हणजे वैयक्तिक विद्याचे जतन नव्हे. उत्पादकाच्या प्रतीवरून केलेली पुनर्प्राप्ती संगणक कारखान्यातील स्थितीला नेते आणि तसे करताना डिस्कवरील छायाचित्रे, पत्रे, हिशेब इत्यादी सर्व पुसून टाकू शकते. प्रणाली कधीही नव्याने मिळवता येते. वापरकर्त्याने निर्माण केलेल्या संचिकांची दुसरी प्रत नसल्यास त्या मिळत नाहीत. म्हणून अशा संचिका वेगळ्या डिस्कवर ठेवल्याची खात्री झाल्याशिवाय पुनर्प्राप्तीचा कोणताही पर्याय निवडू नये.

जुनी डिस्क खडखडत असल्यास किंवा वाचनात अडखळत असल्यास तिच्यावर दुरुस्तीच्या आज्ञा चालवणे टाळावे, कारण त्यामुळे तिच्यावरील ताण वाढतो. आधी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’सारख्या, वाचता येणारा भाग प्रथम उचलणाऱ्या साधनाने तिची प्रत घेतली जाते व पुढचे प्रयोग त्या प्रतीवर केले जातात. जुनी डिस्क चालू स्थितीत असल्यास ती लगेच पुसू नये. नव्या डिस्कवरून पुनर्प्राप्ती व्यवस्था एकदा प्रत्यक्ष सुरू करून पाहणे, तिचा पेन ड्राइव्ह तयार करून तोही तपासणे आणि स्वतःच्या संचिका उघडतात याची खात्री करणे, ही तीन कामे होईपर्यंत जुनी डिस्क बाजूला सुरक्षित ठेवावी.